साहेबांची कंबर

तो दिवस सरळ पार पडला असता तर साहेबांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी सांगून टाकलेलं बरं. तीन देश मिळून जे लष्करी संशोधन केंद्र काढणार होते, त्याचं प्रमुखपद. परक्या राजधानीत ऑफिस, त्याच्या दारावर तीन झेंडे आणि झेंड्यांखाली यांचं नाव. प्रत्येक समारंभात 'आमचे हे अजून तिथेच' असं सांगून थकलेल्या बायकोला सांगायला एक नवं वाक्य. शिवाय एक लाभ असा होता, जो साहेबांनी कुणाजवळही बोलून दाखवला नसता: एकदा ते तिकडे गेले, की इकडच्या चाचणी-मैदानावर मागे काय घडलं होतं ते विचारायला कुणी धजणार नव्हतं.

आणि ताईंना काय मिळणार होतं? काही नाही. साहेबांचा हिशेब चुकला तो इथेच. ज्याला काही मिळायचं नाही तो काही करायचा नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

ताई म्हणजे चाचणी विभागाच्या प्रमुख. त्यांचा धाकटा भाऊ त्याच विभागात तंत्रज्ञ होता. तो ताई म्हणायचा म्हणून सगळी प्रयोगशाळा त्यांना ताई म्हणायला लागली, वयाने मोठे असलेलेसुद्धा. प्रयोगशाळेत बनत होतं ते बॉम्ब निकामी करणाऱ्या जवानांचं चिलखत. जाडजूड प्रकरण, आत शिरलेला माणूस अस्वलासारखा डुलत चाले. पण सगळा जीव होता तो तोंडासमोरच्या काचेत. पातळ थर एकावर एक गोंदाने चिकटवून ती काच व्हायची आणि मग भट्टीत मंद आचेवर मुरायची. नीट मुरली तर घणाला दाद देत नसे. कच्ची राहिली तर दिसायला तितकीच देखणी. पण धक्का बसला की आतला थर सुटे आणि त्याच्या कपच्या आत उडत. आत म्हणजे डोळ्यांत.

भट्टीला वेळ लागायचा आणि साहेबांना घाई होती. त्यांनी मुरवण्याचा वेळ निम्म्यावर आणला. काचांचे ढीग लागले, वरचे लोक खूश झाले. चाचणीसाठी ताईंकडे पाठवल्या जाणाऱ्या काचा मात्र नीट मुरलेल्या असत. बाकीचा माल सीलबंद पेट्यांत भरून सरळ कोठारात जाई, आणि ती सीलं साहेबांच्या परवानगीशिवाय कुणी फोडायची नाहीत असा नियम. पाहुणे यायचे त्या दिवसासाठी तर एक काच खासच निघे. पूर्ण मुरलेली, निवडलेली, मऊ फडक्याने पुसपुसून ठेवलेली. कारागीर तिला 'नवरदेव' म्हणत. आणि साहेबांना, अर्थात त्यांच्या पाठीमागे, 'वरबाप'.

नवरदेव तयार असला की साहेब स्वतः चिलखत चढवून मैदानात उभे राहत. समोर छोटासा स्फोट होई, धूर निवळला की साहेब दोन्ही हात वर करत आणि पाहुणे टाळ्या पिटत. आपल्या मालासमोर आपणच उभा राहणारा असा प्रमुख बघायला मिळतो कुठे! नवरदेव तयार नसला, तर त्या दिवशी साहेबांची कंबर दुखे.

धाकट्याच्या वेळी ती दुखली होती. वरिष्ठ न कळवता आले होते आणि नवरदेव अजून भट्टीत होता, म्हणून कोठारातलीच एक काच काढली होती. साहेबांनी कमरेवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "तू उभा राहा रे. तुझ्या उंचीला शोभतं ते." धाकटा हसत हसत उभा राहिला. त्याच्या हनुवटीखालचा खटका ताईंनी स्वतःच्या हाताने लावला, ओढून पाहिला, वर सवयीने एक टिचकी मारली. स्फोट झाला, धूर निवळला, धाकट्याने हात वर केले नाहीत. त्याने ते तोंडावर नेले होते.

दोन्ही डोळे गेले.

चौकशीत साहेबांनी लिहून दिलं की खटका लावलेलाच नव्हता, काच वर सरकली, तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा. ताई उभ्या राहून म्हणाल्या, "खटका मी लावला होता." साहेबांनी चौकशीवाल्यांकडे मोठ्या समजूतदारपणे पाहिलं.

"बहीणच ती," ते म्हणाले, "असंच सांगणार. मी तिला दोष देत नाही."

दोष देत नाही. ताईंनी हे तीन शब्द उचलले आणि जपून ठेवले. पुढे त्या साहेबांशी नेहमीइतक्याच नेमस्तपणे बोलत राहिल्या, फायली वेळेवर देत राहिल्या, साहेबांच्या मुलीच्या लग्नाला जाऊन पोटभर जेवूनही आल्या. साहेबांनी घरी सांगितलं, बाईंनी वास्तव स्वीकारलं. ताईंनी बाकी सगळं स्वीकारलं होतं, ते तीन शब्द सोडून.

मग तीन देशांचा करार झाला. तिघांना एकच चिलखत हवं होतं, पण ते तपासायचं कसं, यावरून तिघांची तोंडं तीन दिशांना. प्रत्येक देशाची चाचणीची नियमावली वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच प्यारी. या तिन्हींची मिळून एक नियमावली करायची होती. असलं रटाळ काम कुणाच्या गळ्यात मारायचं, हा साहेबांना प्रश्नच पडला नाही.

"ताई, तीन चिंध्या जोडून एक पिशवी शिवायची आहे," ते म्हणाले. "तुमच्या हाताला वळण आहे. कुणाचा मान दुखावणार नाही एवढं बघा."

ताईंनी खरोखर कुणाचा मान दुखावला नाही. प्रत्येक देशाची एक लाडकी रीत त्यांनी नियमावलीत जशीच्या तशी घेतली. यजमानाच्या मैदानावरच चाचणी व्हावी, ही आपल्या देशाची रीत. दुसऱ्या देशाची रीत अशी, की नमुना पाहुण्याने स्वतः उचलायचा, आणि तोही कोठारातल्या चालू मालातून, हवं ते सील फोडून. तिसरा देश लहान, पण तिथे सुरुंग फार. त्यांची रीत जुनी आणि रोकडी: माल सुरक्षित आहे अशी ज्याची सही, पहिल्यांदा तो घालणार.

साहेबांनी नियमावली वाचली नाही असं कुणी म्हणू नये. नीट वाचली. सहीवाल्या नियमाने तर ते हरखूनच गेले. आपण वर्षानुवर्षं हेच करत आलो, आता त्याला तीन देशांची मान्यता. नमुन्याच्या नियमाशी मात्र क्षणभर थबकले आणि मग हसले. एवढ्या वर्षांत त्यांनी पाहुणे पुष्कळ पाहिले होते. पाहुणा म्हटला की तो दाखवलेलंच बघतो, समोर ठेवलेलंच उचलतो आणि चहाच्या टेबलापासून फार लांब जात नाही. त्यांनी एका नवरदेवाऐवजी अख्खी पेटी भरून नवरदेव तयार करायला सांगितले. उचला म्हणावं हवा तो.

ही पेटीची बातमी ताईंना भट्टीवाल्याने सांगितली. ताई नुसत्या "बरं" म्हणाल्या.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी आल्या तेव्हा धाकटा स्वयंपाकघरात कांदा चिरत बसला होता. डोळे गेल्यापासून हे काम त्याने हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं. म्हणायचा, या घरात कांद्याने ज्याचे डोळे चुरचुरत नाहीत असा मी एकटाच.

"आज तुझी चप्पल फार हळू वाजली," तो म्हणाला. "काहीतरी शिजतंय."

"भाजी शिजायची आहे. तू कांदा दे."

"ताई."

त्यांनी सगळं सांगितलं. तो चिरता चिरता थांबला.

"म्हणजे वरबापाला कच्ची काच घालायला लावणार."

"मी नाही लावणार. त्याची सही लावेल."

"तो नाही घालायचा. कंबर दुखेल त्याची."

"दुखू दे की. सगळ्यांसमोर दुखू दे. मला तेवढंच हवं आहे. आजपर्यंत ती का दुखते हे आपल्या आपल्यात माहीत होतं. उद्या तीन देशांना कळेल."

धाकट्याने कांदा ताटलीत सरकवला. "आणि नाहीच दुखली तर? गेलाच तर उभा राहायला?"

ताईंनी तेल तापलं का ते पाहिलं. "नाही जायचा," त्या म्हणाल्या.

सकाळी निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे त्याच्या सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावून दिलं. त्याला ते येत होतं; पण ती त्यांची सवय होती आणि तो मान वर करून उभा राही, लहानपणी राहायचा तसा.

पाहुणे आले. दुसऱ्या देशाच्या कर्नलबाई, उंच, मितभाषी, चहा न घेणाऱ्या. तिसऱ्या देशाकडून एक म्हातारा आला होता, जन्मभर सुरुंग काढण्यात गेलेला. उजव्या हाताला तीनच बोटं शिल्लक. कारागिरांनी त्याला तासाभरात 'आजोबा' करून टाकलं. तिघांच्या मध्ये एक दुभाषी, घाम पुसत.

साहेबांच्या दिमतीला उपसंचालक. हुशार, पापभीरू माणूस. पण नोकरीला लागल्यापासून त्याच्या तोंडून साहेबांसमोर 'होय'खेरीज दुसरा शब्द कुणी ऐकला नव्हता, म्हणून सगळे त्याला होयबा म्हणत. तोही त्याला होय म्हणे.

मांडवाखाली टेबल, टेबलावर निळ्या मखमलीची पेटी, पेटीत ओळीने नवरदेव. साहेबांनी झाकण उघडलं आणि हात पसरला. "आपण निवडावी. नियम म्हणजे नियम."

कर्नलबाईंनी पेटीकडे पाहिलं, छान आहे असं काहीतरी म्हणाल्या आणि टेबलाला वळसा घालून सरळ कोठाराच्या दिशेने चालू लागल्या. साहेबांचा पसरलेला हात तसाच हवेत राहिला.

"बाई कुठे चालल्या?" त्यांनी दुभाष्याला विचारलं.

"कोठारात," दुभाषी म्हणाला. "नियमात आहे म्हणतात."

कोठारवाल्याने साहेबांकडे पाहिलं. तीन देशांच्या माणसांसमोर साहेब नाही कसं म्हणणार? कर्नलबाईंनी ढिगाच्या मधलीच एक पेटी काढायला लावली, सील फोडलं, आतली एक काच उचलून उजेडात धरली आणि ताईंच्या हातात दिली. ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. दिसायला नवरदेवापेक्षा तसूभरही कमी नव्हती.

चिलखत चढवायची खोली मैदानाच्या कडेला होती. साहेब बाकावर बसले, ताईंनी पट्टे आवळायला सुरुवात केली. साहेबांच्या कपाळावर घाम होता.

"ताई," ते दबक्या आवाजात म्हणाले, "काच बदला."

"कोणती काच साहेब?"

"पेटीतली एक आणा. फडक्याखाली आणा, कुणाला कळणार नाही."

"पण का? सगळ्या एकाच भट्टीतून निघतात. तुमचीच सही आहे तशी."

"हे बघा, थट्टेची वेळ नाही. ही काच... हिचा भरवसा नाही. माणसाचं काही बरंवाईट होईल."

"होईल खरं," ताई म्हणाल्या. "पण ते खटका नीट लावला नाही तर. तुम्हीच लिहिलंय." आणि त्यांनी साहेबांच्या हनुवटीखालचा खटका लावला. ओढून पाहिला. टिचकी मारली. "हा लावला. आता काळजी नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ताईंना वाटलं, इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच आपल्याला बघतो आहे. त्यांनी दार उघडून धरलं.

साहेब डुलत डुलत मैदानाच्या तोंडापर्यंत गेले. समोर मातीचा बांध, बांधापाशी ठेवलेला छोटा स्फोटक, उभं राहायच्या जागी चुन्याची फुली. मांडवाखाली सगळे उठून उभे. साहेब दोन पावलं पुढे गेले. थांबले. मग त्यांचा हात सावकाश मागे गेला आणि कमरेवर विसावला.

भट्टीवाला शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "आली."

"जुनं दुखणं," साहेब दुभाष्याला म्हणाले. "नेमकं आजच उठलं. काही हरकत नाही, आमचे उपसंचालक उभे राहतील."

आजोबांनी तीन बोटं वर केली. दुभाषी म्हणाला, "ते म्हणतात, ज्याची सही, तोच."

"बरोबर. पण प्रमुख आजारी असल्यास उपप्रमुखाने सही करावी, असंही नियमात आहे." साहेबांचा आवाज पुन्हा टवटवीत झाला. "आमच्या ताईंनीच लिहिलंय. सगळा विचार केलाय त्यांनी."

ते वाक्य ताईंनी खरंच लिहिलं होतं, तिन्ही नियमावल्यांत होतं म्हणून, सवयीने उतरवून काढावं तसं. बाकी सगळ्याचा विचार केला आणि होयबाचा केला नाही. साहेबांनी चिलखत उतरवायला लावून कागद मागवला आणि होयबाच्या हातात पेन दिलं.

"करा सही. आणि चढवा. तुमच्या उंचीला शोभेल."

होयबाने पेन घेतलं. कागद पाहिला. ताई पुढे सरकल्या. आता ओरडून सगळं सांगावं लागणार होतं आणि पुन्हा कुणीतरी म्हणणार होतं की बहीणच ती. तेवढ्यात होयबाने पेनाला टोपण लावलं.

"साहेब," तो म्हणाला, "माझीही कंबर दुखते आहे."

साहेबांनी कागदावरून मान वर केली.

"काय म्हणालात?"

"कंबर. सकाळपासूनच. तुमच्यासारखीच." होयबा एकेक शब्द सुटा करून बोलत होता. "ती पेटीतली काच असती तर नसती दुखली."

साहेब वळले. "तू ये रे," त्यांनी फिटरला बोटाने बोलावलं.

फिटरने कमरेवर हात ठेवला. "साहेब, कालपासून वाकताच येत नाही."

भट्टीवाल्यानेही ठेवला. मग गोंद विभागातल्या दोघी, मग कोठारवाला, मग सुरक्षारक्षक, ज्याचा यात काही संबंध नव्हता. रांगेत उभी राहिलेली सगळी माणसं कमरेवर हात ठेवून साहेबांकडे अगदी सहानुभूतीने बघत होती. हसलं कुणीच नाही, आणि तेच साहेबांना फार लागलं असावं.

आजोबा दुभाष्याला काहीतरी म्हणाले. दुभाष्याने आधी थोडं घुटमळून मग सांगितलं, "ते विचारतायत, इथे साथ आहे का?"

"पुतळ्याला घाला," कर्नलबाई म्हणाल्या.

चाचणीच्या पुतळ्याची कंबर दुखायचा प्रश्न नव्हता. त्याचं तोंड मऊ मातीचं होतं. ताईंनी त्याला चिलखत चढवलं, काच बसवली, खटका लावला आणि कर्नलबाईंना जवळ बोलावलं. "तुम्ही ओढून बघा," त्या म्हणाल्या. "आजोबांनाही ओढू द्या." दोघांनी ओढून पाहिलं. मग ताई बाजूला झाल्या.

स्फोट बेताचाच झाला. धूर निवळला. खटका होता तिथे होता. काच बाहेरून धड दिसत होती. आजोबांनी पुतळ्याच्या तोंडावरून ती उचलली, मातीच्या डोळ्यांच्या खोबणीतून एक कपची तीन बोटांनी हळूच उपसली आणि ती साहेबांच्या तळहातावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. दुभाष्याला तेवढीच विश्रांती.

संध्याकाळी धाकट्याने ते सगळं ताईंकडून दोनदा ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा होयबाशी आल्यावर तो इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

"सुरक्षारक्षकसुद्धा?" तो म्हणाला. "अरे देवा. मला तिथे असायला हवं होतं. बघायला नाही, नुसतं ऐकायला."

मग तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"ताई, एक सांग. त्या खोलीत त्याचा खटका तू लावलास ना?"

"हो."

"घट्ट?"

"घट्ट."

"तो फुलीवर जाऊन उभा राहिला असता, तर तू थांबवलं असतंस?"

ताई खोटं बोलू शकल्या असत्या. साहेबांशी त्या कितीतरी दिवस चेहऱ्याने खोटं बोलल्या होत्या आणि ते कुणाला कळलं नव्हतं. पण याला चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे इथे त्या खोट्याचा काही उपयोग नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या.

धाकट्याने पेला खाली ठेवला. जागा चाचपून, नीट ठेवला.

"बरं," तो म्हणाला.

आता कुणी काय मोजलं ते पाहू. साहेबांचं केंद्र गेलं, खुर्ची गेली, दारावरचे झेंडे दुसऱ्याच्या दारावर लागले. आणि ते कुठल्याही लग्नकार्यात गेले तरी कुणी ना कुणी हटकून त्यांच्या कमरेची चौकशी करतं. ती आता खरंच दुखते म्हणतात, पण डॉक्टरलाही सांगायची सोय राहिली नाही. होयबाची बदली दूरच्या मैदानावर झाली. तिथे तो बऱ्याच गोष्टींना नाही म्हणतो आणि त्याच्या बायकोला ते फारसं आवडलेलं नाही. कच्चा माल फोडून टाकला, काम दुसऱ्या देशात गेलं, गोंद विभागातल्या दोघींना घरी बसावं लागलं. त्यांनी कमरेवर हात ठेवला होता तो फुकट नव्हता. नवी काच होईपर्यंत तिन्ही देशांचे जवान जुनंच शिरस्त्राण घालून जात राहिले. त्यांना त्याची काय किंमत द्यावी लागली, ते मोजायला कुणी बसलं नाही.

चौकशीचा कागद दुरुस्त होऊन आला. खटका लावलेला होता, असं त्यात आहे. ताईंनी तो मोठ्याने वाचला. धाकट्याने हातात घेतला, नीट घडी घातली, परत दिला.

आणि ताई? त्यांची नोकरी तीच, मैदान तेच. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या धाकट्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात गळ्याजवळच्या बटणाकडे गेले. धाकट्याने ते अलगद बाजूला केले.

"राहू दे," तो म्हणाला. "मी लावतो."

तेव्हापासून तोच लावतो.